कराड ते दाभोळ, भर पावसात

पावसाळ्यात लांबच्या वाटेला सायकल काढू नये, असं मी माझ्या गिऱ्हाइकांना तीस वर्षं सांगत आलो आहे. त्यात माणसापेक्षा सायकलीची काळजी जास्त असते. पाण्याबरोबर रस्त्यावरची बारीक रेती उडते, ब्रेकच्या रबरात रुतून बसते आणि रिमला कानस मारावी तशी घासत राहते. चेनचं तेल दोन तासांत धुऊन जातं. पंक्चर झालं तर ओल्या ट्यूबवर पॅच धरत नाही. ट्यूब आधी कोरडी करावी लागते, आणि धो-धो पावसात कोरडं फडकं आणायचं कुठून? कराडात माझं सायकलचं दुकान आहे, म्हणून या गोष्टी तोंडपाठ. तरीही गेल्या वर्षी जुलैत आम्ही चौघं कराडहून चिपळूणमार्गे दाभोळला सायकलवर गेलो. खरं कशासाठी गेलो, हे आमच्यातल्या तिघांना पहिल्या दिवसाच्या दुपारपर्यंत ठाऊक नव्हतं.

चौघं म्हणजे मी, मोहल्ल्यातले हाफिजसाहेब, माझे शाळेपासूनचे दोस्त तात्या आणि मास्तर. हाफिजसाहेब तिशीच्या आतले, पायात जोर, चढ लागला की हसत पुढे जाणारे. तात्या बँकेतून निवृत्त झालेले. श्रावण लागायच्या आत कोकणात जाऊन खाडीचे मासे खायचे, एवढाच त्यांचा हेतू, आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही. मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, वय एकसष्ट. फजरनंतर आम्ही रोज दहा-बारा किलोमीटर फिरून यायचो, पण यापलीकडे मजल नव्हती. दाभोळची कल्पना मास्तरांचीच. "लिहा, पण नाव घालू नका," या बोलीवर त्यांनी मला हे लिहू दिलं आहे, म्हणून मी कुणाचंच नाव घातलेलं नाही.

निघायच्या पहाटे हाफिजसाहेबांनी विषय काढला, की आधी अमीर ठरवा. तिघं जरी प्रवासाला निघाले तरी एकाला अमीर करावं, ही प्रेषितांची (स.) शिकवण अबू दाऊदच्या हदीससंग्रहात आहे. पंप, पान्हे आणि सोल्यूशनची ट्यूब माझ्या पिशवीत, म्हणून बहुमताने मी अमीर झालो आणि रुबाबात सायकल पुढे काढली. हाफिजसाहेबांनी हँडल धरलं. म्हणाले, "चाचा, तुमची जागा मागे." मग त्यांनी हजरत जाबिर (रजि.) यांची रिवायत सांगितली: प्रवासात प्रेषित (स.) काफिल्याच्या मागे राहत, जो थकला असेल त्याला पुढे न्यायला मदत करत, आपल्या मागे सवारीवर बसवून घेत आणि सगळ्यांसाठी दुआ करत. तर दोन दिवस मी शेवटचा होतो, आणि माझ्यापुढे कायम मास्तरांची पाठ होती.

मागून चालणाऱ्याला बरंच दिसतं. कुणाचं मागचं चाक हलतंय, कुणाचं मडगार्ड घासतंय, कोण सीटवर बूड सारखं बदलतोय. मास्तरांच्या रेनकोटखाली, सदऱ्याच्या आत पोटाशी काहीतरी बांधलेलं होतं. डबा, कपडे, औषधं सगळं कॅरिअरला लावलेलं, मग हे काय? दर थोड्या वेळाने एक हात हँडलवरून काढून ते चाचपून बघत. ओल्या रस्त्यावर एका हाताने सायकल चालवू नये, हे मी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली, आणि पुन्हा तेच.

कराडच्या मशिदीचे जुने मनोरे पाठीमागे राहिले आणि आम्ही पाटणच्या रस्त्याला लागलो. ही वाट कोयनेच्या सोबतीने जाते. कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन मिळतात. आम्ही त्यातली कोयना धरून उलटे, तिच्या उगमाच्या बाजूला चाललो होतो. कराडजवळ सोयाबीन आणि ऊस, पाटणच्या पुढे भात. लावणी चालली होती. बायका कमरेत वाकलेल्या, डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी, आणि एकीचं काहीतरी बोलणं ऐकून बाकीच्या सगळ्या एकदम हसत होत्या. पाऊस बारीक होता. पावसात हाफिजसाहेबांनी टोपी मागे सारून कपाळ उघडं केलं. प्रेषित (स.) अंगावरचा कपडा थोडा बाजूला करून पाऊस अंगावर घेत, हे मी ऐकून होतो. कुणाला असं करताना मात्र पहिल्यांदाच पाहिलं.

पाटणच्या अलीकडे मास्तर एकाएकी थांबले. तिथे थांबण्यासारखं काही नव्हतं. चहाची टपरी नाही, झाड नाही, सावली नाही. नव्याने रुंद केलेला काँक्रीटचा रस्ता आणि बाजूला चिखलाची चर. त्यांनी सायकल स्टँडला लावली आणि रस्त्याच्या कडेने पावलं मोजत चालू लागले. पुढे गेले, परत आले. मग एका जागी उभे राहून त्यांनी वर बघितलं. वर तर नुसतं आभाळ. "काय झालं?" विचारलं तर म्हणाले, "काही नाही, पाय मोकळे करतोय." पायडल मारून थकलेला माणूस चालून पाय मोकळे करत नाही, खाली बसतो. पण मी गप्प राहिलो.

कोयनानगरला पोचेपर्यंत पावसाने अंगात बाळसं धरलं होतं. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस होतो. कराडच्या माणसाला तो आकडा खरा वाटत नाही, इतका आमचा पाऊस किरकोळ. एका बंद दुकानाच्या पडवीत जोहर पढलो. आमच्याकडे हनफी उलमा साधारण 48 मैल, म्हणजे सुमारे 77 किलोमीटरच्या पुढचा प्रवास असला की कस्र सांगतात. चाराच्या जागी दोन रकात. पायजम्यावर चिखलाचे शिंतोडे होते. हाफिजसाहेब म्हणाले, पावसाळी रस्त्याचा चिखल टाळताच येत नाही, त्याला सूट आहे. दोन रकातीत गुडघे इतके कुरकुरले की चार असत्या तर काय, हा विचार मनात आलाच. तात्यांनी तोवर आमच्या चपला उचलून आत घेतल्या होत्या आणि डब्यातला खिमा अर्धा संपवला होता.

जेवताना मास्तरांच्यातला मास्तर जागा झाला. कोयनेचं धरण 103 मीटर उंच, साठा 105 टीएमसी. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप त्यांना आठवतो. कराडातही लोक अंथरुणातून उठून रस्त्यावर आले होते. पण त्यांना सांगायचं होतं ते पाण्याबद्दल. इथे पडलेलं पाणी निसर्गाने पूर्वेकडे पाठवायचं ठरवलं होतं: कराड, कृष्णा, मग थेट बंगालचा उपसागर. माणसाने सह्याद्रीच्या पोटातून बोगदे काढले, पाणी पश्चिमेला पोफळीच्या बाजूला उतरवलं, त्यावर वीज केली आणि ते वाशिष्ठीत सोडलं. तीच वाशिष्ठी पुढे दाभोळला समुद्राला मिळते. "म्हणजे आपल्या गावाला यायचं पाणी दाभोळला जातं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पुन्हा पोटाशी हात लावून बघितला.

हेळवाकच्या पुढे कुंभार्ली घाट. आमच्या बाजूने चढ थोडा, आणि मग कोकणात उतरणारी लांबलचक वळणं. सगळ्यांना वाटतं चढ अवघड. ओल्या दिवसांत मी उताराला जास्त भितो. चारही सायकलींना मी नवी ब्रेक-रबरं घातली होती आणि आठ जादा बरोबर घेतली होती. सगळ्यांना बजावलं होतं: ब्रेक आवळून धरायचा नाही, दाबायचा-सोडायचा, मागचा आधी, पुढचा नंतर, पहिल्या दाबाला रिमवरचं पाणीच पुसलं जातं, सायकल थांबते ती दुसऱ्याला. धुकं असं की पुढचा माणूस दहा हातांवर विरघळून जात होता आणि ट्रक आधी ऐकू यायचा, मग दिसायचा. तिसऱ्या वळणावर मास्तर उतरले. त्यांची बोटं ब्रेक दाबून दाबून आखडली होती, सरळ होईनात. हाफिजसाहेब आणि तात्या पुढे निघून गेले होते. मग आम्ही दोघं सायकली हातात धरून, डोंगराच्या कडेने चालत उतरू लागलो.

समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते असं शेजारी चालताना तोंडातून निघतं, त्यात धुकं असलं तर आणखीच. मास्तरांनी सांगितलं ते थोडक्यात असं. सकाळी ते जिथे पावलं मोजत होते तिथे त्यांच्या वडिलांचं शेत होतं. वडील वारले, आई आधीच गेलेली. वारस दोघंच: मास्तर आणि दाभोळजवळच्या गावात दिलेली त्यांची थोरली बहीण. तलाठ्याकडे नोंद करायच्या वेळी आपाकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलं. सगळेच घेतात. आपाने काही न बोलता सही केली, चहा न घेता गेल्या, आणि पुढच्या ईदेला आल्या नाहीत. त्याला अकरा वर्षं झाली. मध्यंतरी रस्ता रुंद झाला, शेत त्यात गेलं, मोबदला मास्तरांच्या नावावर जमा झाला. त्या पैशातून हजला जायचं त्यांनी ठरवलं होतं. पण सूरह निसाच्या अकराव्या आयतीत मुलाला दोन आणि मुलीला एक असा हिस्सा ठरवून दिलेला आहे आणि तो अल्लाहने ठरवलेला फर्ज आहे, हे शाळेत उर्दू शिकवणाऱ्या माणसाला कुणी नव्याने सांगायला नको होतं. "फॉर्म भरायला बसलो," ते म्हणाले, "आणि हात चालेना. तीनातला एक हिस्सा माझा नव्हता." पोटाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बांधलेला होता तो आपाच्या नावचा डिमांड ड्राफ्ट.

मी विचारलं, मग सायकलवर कशाला? एसटीने सकाळी निघाला असतात तर संध्याकाळच्या आत पोचला असतात. मास्तर थोडा वेळ नुसते चालत राहिले. मग म्हणाले, "एवढ्या लवकर पोचायची माझी तयारी नव्हती."

हक्कसोडपत्राबद्दल मला इथेच एक सांगायचं आहे. आमच्या भागात बहिणीने सही केली की 'तिने राजीखुशीने सोडलं' असं म्हणायची रीत आहे. उद्या नवऱ्याशी वाकडं आलं तर माहेरचं दार उघडं राहावं, म्हणून ती सही करते. ते दार तिला विकतच घ्यावं लागतं. यात राजीखुशी किती, हे ज्याने त्याने आपल्या बहिणीकडे बघून ठरवावं. मी बँकेचे आणि तहसीलचे कागद घेऊन दुकानात बसलेले कितीतरी भाऊ पाहिले आहेत. बहिणीच्या घरी परत द्यायला निघालेला हा पहिलाच.

घाटाच्या पायथ्याशी टपरीवर ते दोघं कुडकुडत उभे होते. तासभर झाला असेल. "कुठे मेलात?" एवढंच तात्या म्हणाले आणि चहाचे ग्लास हातात दिले.

चिपळुणात शिरताना असरची अजान झाली. आमच्या हिशेबाने असरला अजून वेळ होता. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई, आम्ही घाटावरचे हनफी; त्यांची असर आमच्या आधी लागते. एक घाट उतरला आणि दुपार तेवढी आखूड झाली, याची गंमत वाटली. मगरिबला मशिदीत शेजारच्या माणसाने मोठ्याने आमीन म्हटलं तेव्हा आमच्याकडच्या सवयीने मी किंचित दचकलोच.

मुक्काम माझ्या एका व्यापारी दोस्ताकडे होता. त्यांचंही सायकलचंच दुकान. 22 जुलै 2021 च्या महापुरात ते वरपर्यंत बुडालं. भिंतीवर रंग नवा आहे, पण पाणी कुठवर होतं ते त्यांनी हात उंच करून दाखवलं आणि हात पुरला नाही. पूर ओसरल्यावर एकेका सायकलचं हब उघडलं तर बेअरिंगच्या गोळ्यांमध्ये ग्रीसऐवजी गाळ. तेव्हापासून पावसाळ्यात रात्री दोनदा उठून ते वाशिष्ठीचं पाणी बघून येतात. त्या रात्रीही गेले. मला जाग होती. मास्तरही जागेच होते, पण दोघांनी झोपेचं सोंग केलं.

सकाळी पाऊस असा की समोरचं घर दिसेना. मास्तर चटकन म्हणाले, "परत जाऊ या. पुढच्या महिन्यात येऊ." त्यांचा चेहरा मोकळा झाला होता, आणि ते मला आवडलं नाही. तात्या मासे विसरून परत जायला तयार झाले. हाफिजसाहेब काही बोलले नाहीत. अमीर मी. पुराच्या पाण्यात माणसं घालायची नाहीत हे जेवढं खरं, तेवढंच हेही खरं की हा माणूस आज परत फिरला तर पुढचा महिना येणार नाही. मी म्हटलं, दहापर्यंत थांबू. दहा वाजता दोस्ताने नदी बघून सांगितलं: पाणी काठाच्या बरंच खाली, भरती ओसरतेय. पाऊसही थोडा उघडला. निघालो.

गुहागरच्या रस्त्यावर मार्गताम्हाण्याजवळ तात्यांचं मागचं चाक बसलं. एसटीच्या निवाऱ्यात सायकल उलटी केली. ट्यूब काढली, भोक सापडलं, पण कोरडं करायला चौघांकडे मिळून एक सुकं रुमाल नाही. रस्त्यापलीकडच्या घरातून एक म्हातारी बाई बघत होती. हाफिजसाहेबांनी सलाम केला, तिने जवाब दिला आणि खूण करून ट्यूब मागून घेतली. मी मागोमाग गेलो, कारण रबर चुलीला किती लांब धरायचं हे मला माहीत. तिने मला बाजूला सारलं. "होड्यांचा रबर सुकवलाय मी," म्हणाली. ट्यूब सुकली, पॅच बसला, आणि तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ल्याशिवाय तिने सोडलं नाही. तात्यांचे मासे असे मिळाले.

धोपाव्याला खाडीची फेरीबोट. मोटारी, दुचाक्या, एक म्हैस आणि आमच्या चार सायकली. पाणी लाल, दाट, घाटावरची माती घेऊन आलेलं. पलीकडे दाभोळच्या धक्क्याजवळ जुन्या शाही मशिदीचा घुमट दिसत होता. तिची गोष्ट तिथले लोक सांगतात. आदिलशाही घराण्यातली एक शहजादी हजला निघाली, जहाजासाठी दाभोळला आली. पण समुद्रावर चाच्यांचा धोका, जाता येईना. मग हजसाठी आणलेला पैसा तिने इथेच लावला आणि मशीद बांधली. बोटीवरच्या एका मुलाने ही गोष्ट आम्हाला ऐकवली. मास्तर कठड्याला धरून घुमटाकडे बघत होते. या वेळी त्यांनी पोटाशी हात नेला नाही.

गाव तिथून सात-आठ किलोमीटर. शेवटच्या चढावर मास्तर पहिल्यांदाच सगळ्यांच्या पुढे होते. घराच्या अंगणात आपा वाळत घातलेल्या, म्हणजे खरं तर ओल्याच राहिलेल्या गोधड्या आत घेत होत्या. त्यांनी आधी सायकली पाहिल्या, मग माणसं. "इत्ती बारिश में? सायकल पे?" आणि मग हाफिजसाहेबांकडे वळून, "तुम तो पढेलिखे दिखते, तुम ने बी रोका नहीं?" मास्तरांच्या सलामाला त्यांनी उत्तर दिलं, पण त्यांच्याकडे बघितलं नाही. टॉवेल मात्र पहिला त्यांच्याच अंगावर फेकला.

ड्राफ्टची पिशवी मास्तरांनी दोन्ही हातांनी पुढे केली. आपांनी ती घेतली, काय आहे विचारलं नाही, उघडली नाही, तांदळाच्या कोठीवर ठेवून दिली. "पहले खाना खाओ." रात्री आम्ही पडवीत झोपलो. आतून भाऊ-बहिणीचं बोलणं येत होतं. एकदा आवाज चढला, तो आपांचा होता, मग बराच वेळ काहीच नाही. पत्र्यावरचा पाऊस इतका मोठा होता की ऐकायचं म्हटलं तरी ऐकू आलं नसतं, आणि तेच बरं.

सकाळी चहा देताना आपांनी भावाला एकच विचारलं: शेताच्या बांधावरचा आंबा आहे ना? मास्तर म्हणाले, नाही, रस्त्यात गेला. आपा कपबशी हातात धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अब्बांनी मला त्याच्यावर झोका बांधून दिला होता." पिशवी अजून कोठीवरच होती. पुढे त्यांनी ती कधी उघडली, मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही.

आम्ही तिघं त्या दिवशी निघालो. कुंभार्ली चढून जायची हौस कुणालाच उरली नव्हती. चिपळूणहून दोस्ताच्या ओळखीच्या टेम्पोत सायकली टाकल्या. मास्तर तिथेच राहिले, दोन दिवस म्हणता म्हणता बारा दिवस. परत आले ते एसटीने. सायकल आपांच्या नातवाला आवडली म्हणून ठेवून आले आहेत. त्या पोराला मी फोनवर सांगितलंय, की दर आठवड्याला चेनला तेल घाल आणि रात्री सायकल आत घे. खाडीची हवा, गंज फार लवकर धरतो.